व्यापारग्रस्ताचा दाखला

मराठीत ‘ग्रस्त’ हे शब्दाचे शेपूट फार कामाचे आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांचे नुकसान आपण निसर्गाच्या खात्यावर मांडतो. धरणग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त यांचा हिशेब वेगळा. त्यांच्या बाबतीत कुठल्या तरी कचेरीत नकाशावर रेघ ओढलेली असते, तिच्याखाली सही असते, आणि रेघेच्या आत सापडलेल्या गावाला उठावे लागते. म्हणून महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्ताला दाखला मिळतो. त्या दाखल्यावर पुढे काही पदरात पडायला किती खेटे घालावे लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही घरोघरी तो कागद जपून ठेवतात, कारण या कुटुंबाचे घर गेले ते आमच्या निर्णयामुळे गेले, एवढे सरकारने त्यात लेखी कबूल केलेले असते.

अमेरिकेत साठ वर्षे असाच एक दाखला कारखान्यातल्या कामगारांसाठी होता. परदेशी मालामुळे किंवा कारखानाच परदेशी हलवल्यामुळे ज्यांचे काम गेले, त्यांना सरकारने काही काळ भत्ता द्यावा, नवे काम शिकण्याचा खर्च उचलावा, दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तर बिऱ्हाड हलवायला पैसे द्यावेत, अशी ही योजना. ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ हे तिचे नाव. सरकारी मराठीत त्याचे ‘व्यापार समायोजन साहाय्य’ होईल आणि ते कुणालाच कळणार नाही. त्या कायद्यातल्या कामगारासाठी मात्र मराठीत नेमका शब्द करता येतो: व्यापारग्रस्त. अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला या योजनेच्या इतिहासात रस वाटला तो या शब्दामुळे. दाखला कुणाला द्यायचा यावरून अमेरिकेची संसद, श्रम खाते आणि न्यायालये यांच्यात जे भांडण चालले, ते बरेचसे शब्दांच्या अर्थाचे होते. त्या अर्थावर माणसांच्या चुली अवलंबून होत्या.

गोष्ट सुरू होते १९५३ साली. जकाती कमी करत जाणे हे तोवर अमेरिकेचे धोरण झाले होते. ते पुढे कसे न्यावे हे ठरवण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत एक आयोग नेमला गेला. इनलँड स्टील या कंपनीचे क्लॅरेन्स रँडॉल त्याचे अध्यक्ष होते, आणि पोलाद कामगारांच्या संघटनेचे प्रमुख डेव्हिड मॅकडॉनल्ड हे सदस्य. धंदा एकच, टेबलाच्या बाजू दोन. मॅकडॉनल्ड यांचा खुल्या व्यापाराला विरोध नव्हता. त्यांची सूचना साधी होती: जकात कमी केल्याने साऱ्या देशाला स्वस्त माल मिळणार असेल, तर त्यापायी ज्या थोड्यांचे काम जाईल त्यांचा भार देशाने उचलावा.

१९५४च्या अहवालात आयोगाच्या बहुमताने ही सूचना नाकारली. त्यामागचा युक्तिवाद आजही ऐकू येतो. मोकळ्या अर्थव्यवस्थेत माणसे विस्थापित होणारच. नवे तंत्र येते, गिऱ्हाइकाची आवड बदलते, खाण संपते, नवा कर बसतो. अशी सगळी नुकसाने सरकारने भरून द्यावीत असे कुणी गंभीरपणे म्हणत नाही. मग एकट्या जकातीसाठी वेगळी पंगत कशाला?

प्रश्न बिनतोड वाटतो. त्याला मॅकडॉनल्ड यांच्या बाजूने एक उत्तर देता येते. खाण संपते तेव्हा तिच्याखाली कुणाची सही नसते. जकात उतरते तेव्हा असते. सरकारने सर्वांच्या भल्यासाठी काही जणांचे पोट पणाला लावले, म्हणजे प्रकल्पग्रस्ताला जे नाते सरकारशी सांगता येते तेच या कामगारालाही सांगता येते. रँडॉल आयोगाच्या यादीतला नवा कर या उत्तराला थोडा छेद देतो, कारण करावरही सही असतेच. म्हणजे सूचना मान्य केली की तिची हद्द कुठे आखायची हा प्रश्न सुटत नाही, उलट सुरू होतो. पुढची साठ वर्षे ती हद्द आखण्यात आणि पुसण्यात गेली.

मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन केनेडी यांनी ती कल्पना उचलली आणि १९५४ सालीच तशा अर्थाचे विधेयक मांडले. त्यांच्या राज्यातल्या कापड गिरण्या त्या काळात बंद पडत होत्या. विधेयक पुढे सरकले नाही. मात्र आठ वर्षांनी तोच माणूस अध्यक्ष होता आणि त्याला कामगार संघटनांची गरज होती. युरोपात सामायिक बाजारपेठ उभी राहत होती, तिच्याशी वाटाघाटी करायला जकाती निम्म्यापर्यंत खाली आणण्याचा अधिकार केनेडींना संसदेकडून हवा होता. २५ जानेवारी १९६२ रोजी संसदेला पाठवलेल्या संदेशात त्यांनी मांडले की राष्ट्रीय धोरणासाठी जकात वाढवायची नसेल, तर परदेशी स्पर्धेचा सगळा घाव ज्यांना तो बसला त्यांनीच सोसावा हे योग्य नाही, त्याचा काही भार केंद्र सरकारने घ्यावा. त्या वचनावर एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने पाठिंबा दिला, आणि ११ ऑक्टोबर १९६२ रोजी व्यापारविस्तार कायद्यावर सही झाली. व्यापारग्रस्ताला त्याच्या सरासरी पगाराच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, तो ५२ आठवड्यांपर्यंत, शिवाय प्रशिक्षण आणि स्थलांतराचा खर्च, अशी त्यात तरतूद होती. त्या काळच्या साध्या बेकारभत्त्यापेक्षा हे पुष्कळ होते.

कायदा झाला, आणि नोव्हेंबर १९६९पर्यंत, म्हणजे सात वर्षे, एकाही कामगाराला दाखला मिळाला नाही.

अर्ज आले नाहीत असे नव्हे. आले ते सगळे फेटाळले गेले. कारण कायद्यात कार्यकारणाच्या दोन कड्या होत्या. आधी सिद्ध करायचे की आयात वाढली ती मुख्यत्वे सरकारने दिलेल्या जकात-सवलतीमुळे. मग सिद्ध करायचे की नोकरी गेली ती मुख्यत्वे त्या वाढलेल्या आयातीमुळे. ‘मुख्यत्वे’ या शब्दाचा अर्थ जकात आयोगाने असा घेतला की हे कारण बाकी सगळ्या कारणांना मिळून भारी पडले पाहिजे. आता परदेशी माल वाढतो तो सवलतीमुळे किती, तिकडच्या मजुरीमुळे किती, इथल्या जुन्या यंत्रांमुळे किती, हे कोण वेगळे काढणार? दुधात साखर, वेलदोडा आणि केशर पडल्यावर गोडी नेमकी कुणाची, असे विचारण्यासारखे ते होते. वचन पाळले गेले नाही, पण मोडलेही गेले नाही. ते एका क्रियाविशेषणाच्या आड जाऊन बसले. या काळात महासंघाचे मन पालटले. ज्या मदतीसाठी त्याने कायद्याला हात दिला होता, तिला तो पुढे ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणू लागला.

१९७४चा व्यापार कायदा हा या कथेतला मोठा बदल. ३ जानेवारी १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. पहिली कडी, म्हणजे जकात-सवलतीचा पुरावा, काढून टाकली गेली. दुसऱ्या कडीतले ‘मुख्यत्वे’ गेले आणि तिथे आयातीचा ‘महत्त्वाचा वाटा’ असला की पुरे, अशा अर्थाचे शब्द आले. महत्त्वाचा म्हणजे इतर कुठल्याही कारणापेक्षा मोठा असलाच पाहिजे असे नाही, असा खुलासा कायद्यानेच करून ठेवला. निर्णयाचे काम जकात आयोगाकडून श्रम खात्याकडे गेले. भत्ता पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत नेला.

या कायद्याने ठरवलेली रीत पुढे थोड्याफार फरकाने टिकली. एका कारखान्यातल्या तिघा कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालत असे. त्यांच्या वतीने संघटनेलाही करता येई. अर्जाला क्रमांक पडे, सरकारी राजपत्रात सूचना निघे, आणि वॉशिंग्टनमधल्या एका तपासनिसाकडे तो जाई. तपासनीस मालकाला प्रश्नावली पाठवी: विक्री किती घटली, उत्पादन किती घटले, तुम्ही स्वतः माल बाहेरून आणता का? मालकाच्या गिऱ्हाइकांनाही विचारले जाई की तुम्ही आता हाच माल परदेशातून घेता का? दाखला मिळालाच तर तो कारखान्यातल्या त्या सगळ्या गटाला मिळे, आणि मग प्रत्येकाने आपापल्या राज्याच्या कचेरीत जाऊन भत्त्यासाठी वेगळा अर्ज करायचा. ज्याचे काम गेले त्याने अर्ज लिहायचा, पण उत्तर अवलंबून असे ते ज्याने कामावरून काढले त्याच्या कागदांवर.

कारण शोधण्याची ही पद्धत कुठे अपुरी पडे हे ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन गावात दिसले. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कँबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. सुमारे पाच हजार कामगारांचे काम गेले. त्या गावात तो दिवस अजून ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. कंपनीने परदेशी पोलादाकडे बोट दाखवले. गावातल्या अनेकांचे म्हणणे वेगळे होते. १९६९ साली ही कंपनी न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स या उद्योगसमूहाने घेतली होती, आणि तेव्हापासून जुन्या भट्ट्यांवर खर्च करण्याऐवजी पैसा दुसरीकडे वळवला गेला, असे ते म्हणत. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण दाखल्याच्या फॉर्मवर एकाच कारणासाठी जागा होती. आयातीचा वाटा मान्य झाला आणि कामगारांना व्यापारग्रस्त म्हणून भत्ता मिळाला. गावातल्या चर्चच्या धर्मगुरूंनी आणि कामगारांनी एकत्र येऊन कारखाना विकत घेऊन चालवायची योजना आखली होती, तिला लागणाऱ्या कर्जाची हमी मात्र सरकारने १९७९ साली नाकारली. काम गेल्यावरचे पैसे मिळाले, काम राखण्यासाठी मिळाले नाहीत. ‘अंत्यविधीचा विमा’ हा शब्द इथे फार कठोर वाटत नाही.

मग मोटारींचे वर्ष आले. तेलाचे भाव चढल्यावर अमेरिकी गिऱ्हाइक छोट्या जपानी गाड्यांकडे वळले आणि डेट्रॉइटच्या कंपन्यांनी माणसे घरी बसवली. १९८० साली पाच लाखांहून अधिक कामगारांनी हा भत्ता घेतला आणि खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर गेला. त्याच सुमारास सरकारच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिले की भत्ता घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तात्पुरते घरी बसवलेले होते आणि पैसे हातात पडेपर्यंत जुन्याच कामावर परतलेही होते. टीका चुकीची नव्हती. पण तिचा उपयोग करून १९८१ साली रेगन सरकारने जे केले ते दुरुस्तीच्या पलीकडचे होते. भत्ता साध्या बेकारभत्त्याइतका खाली आणला, तोही बेकारभत्त्याचे आठवडे संपल्यावर. सगळा भर प्रशिक्षणावर गेला, आणि १९८८च्या कायद्याने प्रशिक्षणात नाव घातल्याशिवाय भत्ता नाही असा नियम केला, सूट मिळाली तरच वेगळे.

योजनेच्या नावातला ‘अ‍ॅडजस्टमेंट’ हा शब्द इथून पुढे आपला रंग दाखवू लागतो. आपल्याकडे तो शब्द भाषांतराशिवायच मराठी झाला आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, जरा अ‍ॅडजस्ट करा. म्हणतो तो नवा आलेला, सरकायचे ते आधी बसलेल्यांनी. मॅकडॉनल्ड यांच्या सूचनेत सरकायचे होते देशाने. व्यापाराचा फायदा ज्यांना झाला त्यांनी तोटा झालेल्यांसाठी जागा करायची होती. १९८१ नंतर बाकावरून सरकण्याची पाळी कामगाराची झाली. त्याने वर्गात बसावे, नवा धंदा शिकावा, गाव बदलावे. नुकसानभरपाईची भाषा मागे पडली आणि सुधारून घेण्याची आली.

१९९४ साल उजाडेपर्यंत एक आणखी फट कायद्यात होती. दाखल्याची कसोटी आयातीची होती. कारखाना उचलून परदेशात नेणे हे स्वतःहून कारण धरले जात नव्हते. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा ‘नाफ्टा’ करार लागू झाला, तेव्हा संसदेत मते मिळवण्यासाठी त्याच्यासोबत एक वेगळी उपयोजना जोडली गेली. उत्पादन मेक्सिकोला किंवा कॅनडाला हलवले असेल तर तेवढ्यावर दाखला मिळू लागला. कायद्याने प्रथमच कारखान्याच्या स्थलांतराला नाव दिले, मात्र दोनच देशांपुरते.

ते नाव कुणाच्या वाट्याला आले हे पाहायचे तर टेक्सासमधल्या एल पासो शहरात जावे लागते. रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे एल पासो, पलीकडे मेक्सिकोतले सियुदाद हुआरेझ. एल पासो हे जीन्स आणि इतर कपडे शिवण्याचे मोठे केंद्र होते. शिवण्याच्या ओळीत बसणाऱ्या बहुतेक मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया. बोलायचे स्पॅनिश, ऐकायचे स्पॅनिश, मुकादमही स्पॅनिश बोलणारा. कित्येकींनी पंधरा-वीस वर्षे मशीनवर काढली होती आणि इंग्रजीवाचून त्यांचे काही अडले नव्हते. करारानंतर काम नदीपलीकडे आणि आणखी दक्षिणेला जाऊ लागले. नाफ्टाच्या दाखल्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या शहरांत एल पासो अगदी वर होते.

दाखला मिळाला, आता प्रशिक्षण. प्रशिक्षण इंग्रजीतून. म्हणून आधी इंग्रजी शिका, मग शालान्त परीक्षेच्या बरोबरीची परीक्षा द्या, मग धंद्याचा वर्ग. भत्त्याचे आठवडे मोजके, आणि शाळा लहानपणीच सुटलेली चाळिशी-पन्नाशीची बाई. बहुतेकींचे आठवडे इंग्रजीच्या वर्गातच संपले. ‘ला मुहेर ओब्रेरा’, म्हणजे ‘कामकरी बाई’, ही तिथली संघटना १९८१पासून शिवणकामगार स्त्रियांत काम करत होती. तिने सांगून पाहिले की या बायकांना धंदा त्यांच्याच भाषेतून शिकवा, इंग्रजी सोबत शिकवा. आधी भाषा आणि मग पोट हा क्रम उलटा आहे. कागदावर त्यांना मदत मिळालेली होती. खर्च झालेला होता, हजेरीपट भरलेला होता. अनेक भाषांच्या देशात राहणाऱ्या आपल्याला यातले दुखणे समजावून सांगावे लागत नाही. ज्या भाषेत काम येते ती भाषा शिक्षणाची मानायची नाही, म्हणजे वीस वर्षांचे कौशल्य एका दिवसात अडाणीपण ठरते. २००२च्या कायद्याने अशा पायाभूत शिक्षणासाठी भत्त्याचे आणखी २६ आठवडे दिले. एल पासोतल्या अनेकींच्या दृष्टीने तोवर उशीर झाला होता.

२००२च्या कायद्याने इतरही बरेच केले. नाफ्टाची उपयोजना मूळ योजनेत मिसळली. आरोग्यविम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भार करसवलतीतून सरकारने घेतला. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नवी नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग दोन वर्षांपर्यंत, एकूण दहा हजार डॉलरच्या मर्यादेत, देण्याची सोय झाली. आणि कारखान्याच्या स्थलांतराची व्याख्या रुंदावली, पण अर्धीच. ज्या देशांशी अमेरिकेचा मुक्त व्यापाराचा करार आहे किंवा ज्यांना ठराविक कायद्यांखाली सवलत आहे, तिथे कारखाना गेला तर दाखला सरळ. चीनला किंवा भारताला गेला तर तो माल परत अमेरिकेत येतो किंवा येण्याची शक्यता आहे, हेही दाखवायचे. शेजारच्या टेबलावरच्या दोघांची नोकरी एकाच दिवशी गेली, तरी काम कुठल्या देशात गेले यावर त्यांचा पुरावा ठरे. शिवाय मुदतींचा फास होता. दाखल्यानंतर आठ किंवा काम सुटल्यानंतर सोळा आठवड्यांत, यातले जे उशिराचे असेल तोवर, प्रशिक्षणात नाव लागले नाही किंवा लेखी सूट घेतली नाही, तर भत्ता हुकला.

याच काळात आपला देश या कथेत शिरतो. कनेक्टिकट राज्यातल्या ईस्ट हार्टफर्डमध्ये कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या कंपनीत विम्याच्या व्यवहारांचे सॉफ्टवेअर लिहिणारे काही कर्मचारी होते. त्यांचे काम भारतात हलवले गेले. त्यांनी दाखल्यासाठी अर्ज केला आणि श्रम खात्याने तो नाकारला. कायदा ‘वस्तू’ बनवणाऱ्या कामगारांसाठी आहे, आणि सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे, असे खात्याचे म्हणणे. प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले. तिथे खात्याची भूमिका अशी आली की सॉफ्टवेअर एखाद्या तबकडीवर किंवा तशा हाताला लागणाऱ्या साधनात घालून दिले तर ती वस्तू, तारेतून पाठवले तर नाही. न्यायालयाला हे पटले नाही. कायद्यात ‘हाताला लागणारी’ असे विशेषण कुठेच नाही, ते खात्याने पदरचे घातले, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. अशी आणखी काही प्रकरणे तुंबली होती, आणि अखेर २००६ साली खात्याने माघार घेऊन हाताला न लागणारे सॉफ्टवेअरही वस्तू धरायला सुरुवात केली. त्या वर्षांत बंगळुरू, पुणे, हैदराबाद इथे नव्या नोकऱ्यांचे पेढे वाटले जात होते. त्यातल्या काही पेढ्यांची दुसरी बाजू ‘वस्तू म्हणजे काय’ या प्रश्नावर न्यायालयात उभी होती, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही.

या खटल्यांमधून आणखी एक गोष्ट उघड झाली. न्यायाधीशांनी त्या काळात खात्याला वारंवार सुनावले की तपासनीस मालकाच्या एका उत्तरावर विसंबून अर्ज निकाली काढतात, कामगारांनी दिलेला पुरावा उघडूनही पाहत नाहीत. तपासनिसाच्या हातात किती असते हे पुढे एका संशोधनातून मोजता आले. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हायमन यांच्या लक्षात आले की अर्ज कुठल्या तपासनिसाकडे जाईल हे बरेचसे योगायोगाने ठरते, आणि काही तपासनीस मुळात हात सैल असलेले, काही आवळलेले. त्या फरकाचा आधार घेऊन त्यांनी दाखला मिळालेल्या आणि न मिळालेल्या सारख्याच कामगारांची तुलना केली. दाखला मिळालेल्यांची कमाई दहा वर्षांत मिळून सुमारे पन्नास हजार डॉलरने जास्त निघाली, जरी वर्षे सरतील तसा फरक ओसरत गेला. त्याआधी २०१२ साली सरकारसाठी झालेल्या मोठ्या मूल्यमापनात चित्र याच्या उलट होते. योजनेत गेलेले कामगार चार वर्षांनंतरही कमाईत मागेच होते. योजना चालली की नाही, याचे एकच उत्तर या अभ्यासांतून निघत नाही. अनुवादकाला मात्र हायमन यांच्या पद्धतीत काहीतरी ओळखीचे दिसते. कायद्याचा मजकूर एकच, वाचणारे दोन. एका वाचनात माणूस व्यापारग्रस्त, दुसऱ्यात नुसता बेकार.

चीनच्या मालाची लाट आली तेव्हा ही हद्द किती आखूड आहे हे दिसले. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या भागांना या आयातीचा जास्त फटका बसला तिथे सरकारी मदत कुठून कुठून वाढली ते तपासले. व्यापारग्रस्तांच्या योजनेतून आलेली वाढ अगदी थोडी होती. त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक अपंगत्वाच्या आणि निवृत्तीच्या लाभांकडे वळले होते. म्हणजे कारखाना गेल्यावर माणसे सरकारच्या दारी आलीच, पण दुसऱ्या नावाने आली. कुणी पाठदुखीचा रुग्ण म्हणून, कुणी वेळेआधी म्हातारा म्हणून. ज्या निर्णयाने त्यांना तिथे आणले तो त्या कागदांवर कुठे नोंदला गेला नाही.

शेवटची वर्षे चढउताराची गेली. फेब्रुवारी २००९मध्ये, मंदीच्या ऐन भरात, योजना तिच्या सर्वांत उदार रूपात आली. सेवाक्षेत्रातले कर्मचारीही पात्र ठरले आणि काम कुठल्याही देशात गेले तरी चालू लागले. दोन वर्षांनी ही सुधारणा संपली. ऑक्टोबर २०११मध्ये दक्षिण कोरिया, कोलंबिया आणि पनामा यांच्याशी करार मंजूर करून घेताना ती बरीचशी परत आली. २०१४मध्ये पुन्हा आक्रसली. दर वेळी एखाद्या व्यापार कराराच्या मतांसाठी तिचा सौदा झाला. १२ जून २०१५ रोजी तर उलटेच घडले. अध्यक्ष ओबामांना नव्या करारासाठी वेगवान अधिकार हवे होते आणि सोबत ही मदत जोडलेली होती. मदतीचे खंदे समर्थक असलेल्या त्यांच्याच पक्षाच्या बहुसंख्य प्रतिनिधींनी मदतीविरुद्ध मत दिले, कारण ती पडली की करारही अडेल. १२६ विरुद्ध ३०२ मतांनी ती पडली. त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा मांडणी करून मंजूर झाली खरी. पण कामगारांची मदत म्हणजे कराराच्या गाडीला बांधलेली सोंगटी, हे त्या दिवशी सर्वांसमोर आले.

त्यानंतर करारांचा मोसमच सरला. २०१८ साली आयात पोलादावर २५ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के जकात बसली. कामगाराला सांगितले जाऊ लागले की तुला मदतीची गरज नाही, आम्ही तुझा कारखानाच परत आणतो. मतांसाठी मदतीचे आमिष दाखवण्याची गरज उरली नाही, तशी मदतीलाही वाली उरला नाही. १ जुलै २०२१ रोजी योजना जुन्या, तोकड्या नियमांवर गेली, आणि १ जुलै २०२२पासून नवे दाखले देण्याचा श्रम खात्याचा अधिकार संपला. मुदत वाढवून घेण्यापुरती मते जमली नाहीत, इतकेच. कुठल्या सभागृहात ती रद्द करण्यावर गाजलेली चर्चा झाली नाही. ज्यांना आधीच दाखला मिळाला होता त्यांचे लाभ चालू राहिले. बाकीचे अर्ज निर्णयाविना राहिले.

रँडॉल यांचा प्रश्न शेवटी जिंकला असे म्हणता येईल. इतर बेकारांहून या बेकाराला वेगळे का काढायचे? यंत्राने, साथीने, मालकाच्या हावेने ज्याचे काम गेले त्याची भूकही तीच असते, आणि सर्वांना पुरेल असा एकच बेकारभत्ता असावा हा विचार मला न्याय्य वाटतो. पण तो सर्वांना पुरणारा भत्ता अमेरिकेने उभा केला नाही. वेगळा दाखला तेवढा बंद केला. त्यामुळे झाले ते असे, की आज ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या एखाद्या कारखान्याला टाळे लागले आणि तिघी कामगार स्त्रिया त्याचे कारण मांडायला बसल्या, तर ते लिहायला त्यांच्यासमोर फॉर्म नाही. जुन्या फॉर्ममध्ये दोष पुष्कळ होते. त्यावरचे प्रश्न अर्धवट होते, उत्तर मालकाच्या हातात होते, वर्ग परक्या भाषेत भरत होते. तरी तीन सामान्य माणसांनी सही करून एका महासत्तेला विचारलेला तो प्रश्न होता: आमचे काम गेले त्यात तुमचा वाटा किती? आणि साठ दिवसांत, पुढे चाळीस दिवसांत, त्याचे लेखी उत्तर देणे त्या सरकारला कायद्याने भाग होते.